बिनआवाजाची वरात

लग्नात ढोल वाजवणाऱ्या बाईकडे लोक दोनदा बघतात. पहिल्यांदा, ढोल बाई वाजवतेय म्हणून. दुसऱ्यांदा, ती बाई आपल्या मावशीसारखी दिसते म्हणून. मी पहिल्या नजरेला हसून घेते आणि दुसरी नजर यायच्या आत ठेका धरते. तिसऱ्यांदा बघायला त्यांना सवड मिळत नाही, कारण तोवर पाय हलायला लागलेले असतात.

आमचा धंदा थोडक्यात असा. रेवदंड्याला आमचा ढोलाचा क्लास आहे आणि क्लासातल्या पोरापोरींचाच एक संच आहे. अलिबागपासून मुरुडपर्यंत समुद्राकाठी जी हॉटेलं आणि लॉन उठलीत, तिथल्या लग्नांत, हळदींत, कंपन्यांच्या पार्ट्यांत आम्ही वाजवतो. ढोल पंजाबी, जोडीला कॉम्प्युटरवरचं संगीत आणि वाजवणारे बहुतेक आगरी नाहीतर कोळी. माझ्या खांद्याने अलीकडे संप पुकारलाय, त्यामुळे हल्ली मी वाजवते कमी आणि ओरडते जास्त.

पंजाबी ढोल म्हणजे गणपतीतला ढोल नव्हे, हे आधी सांगून टाकते, कारण मला ते रोजच सांगावं लागतं. हा लाकडी पिंपासारखा, पोटाशी फुगलेला. पट्टा गळ्यात अडकवून तो आडवा धरायचा. एका तोंडावर जाड, टोकाला वाकवलेली काठी पडते, तिला डग्गा म्हणतात. तिचा आवाज छातीत बसतो. दुसऱ्या तोंडावर वेताची बारीक काडी, ती तिल्ली. तिचा आवाज कानात टोचतो. भांगड्याचा मूळ ठेका ‘चाल’ म्हणून ओळखला जातो आणि ही चाल जरा लंगडत चालते. त्या लंगडण्यातच सगळी गंमत आहे. माणूस सरळ चालला तर नाचणार कसा?

कॉम्प्युटर मात्र सरळ चालतो. माझी मुलगी मयुरी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि तिने हा खोका आमच्यात आणला. खोका म्हणजे लॅपटॉप. त्यातून तऱ्हेतऱ्हेचे आवाज निघतात आणि वाजवणाऱ्याच्या कानात सारखं टिकटिक चालू असतं, म्हणजे सगळ्यांनी एका वेगाने चालावं. लंगडणारा ढोल आणि सरळ चालणारा खोका यांना हात धरून एकत्र चालवणं, एवढंच आमच्या क्लासात शिकवतात. फी भरून लोक याला संगीत म्हणतात.

मला हे शिकवलं ओमी उस्तादांनी. उस्ताद मूळचे जालंधरकडचे. तरुणपणी ट्रेलर घेऊन उरणच्या बंदरात आले, पाठीच्या दुखण्याने गाडी सुटली आणि वडखळ नाक्यावर टायरचं दुकान काढून इथलेच झाले. मी तेव्हा नाक्यावर डबे पुरवायची. माझा नवरा ट्रेलरवर, महिन्यातून कधीमधी घरी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की उस्ताद टायरच्या ढिगावर बसून ढोल वाजवायचे. मी डबा ठेवून उभी राहायची. एकदा ते म्हणाले, “खडी क्यों है? पकड इसको.” मी पकडला आणि घरी जाऊन सासूला सांगितलं, की मी ढोल शिकणार. ती म्हणाली, “शिक बाय, घरात तुझाच आवाज काय कमी व्हता.” ती माझी परवानगी.

गिऱ्हाईकांच्या तऱ्हा सांगायला बसले तर संपादक माझा लेख अर्ध्यात तोडतील. मुंबईच्या एका बाईंनी मला फोनवर विचारलं होतं, “ताई, तुम्ही लोक पंजाबी दिसता का?” मी म्हटलं, वाजतं पंजाबी, दिसतं पेणचं. त्यांनी आम्हाला फेटे पाठवले आणि ते बांधायला येणाऱ्या माणसाचे पैसे आमच्याच बिलातून कापले. एका नवरदेवाला वरात फेरीबोटीतून न्यायची हौस होती. आगरदांड्याला आम्ही गाड्यांच्या मध्ये दाटीवाटीने उभे राहिलो, बोट खाडीत शिरली आणि मी पहिला डग्गा मारला. त्या दणक्याने बोटीवरच्या झाडून सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम बोंबलायला लागले. दिघी येईपर्यंत गाड्यांचे मालक चाव्या शोधत होते आणि वऱ्हाडी त्या भोंग्यांवर नाचत होते. नवरदेवाने बक्षीस दिलं. फेरीवाल्यांनी मात्र पुन्हा ढोल घेऊन दिसू नका म्हणून सांगितलं.

पण मला सांगायची आहे ती निराळीच वरात.

त्यासाठी आमच्या क्लासची जागा सांगायला हवी. सुरुवातीला गावात कोणी जागा देईना. बाई, त्यात ढोल, त्यात पोरीबाळी शिकायला. शेवटी दामू नाखव्याने आपली जाळी ठेवायची शेड दिली. नाखवा म्हणजे बोटीचा मालक आणि ती हाकणारा तांडेल, दोन्ही. आडव्या हाडाचा, कमी बोलणारा माणूस. भाडं किती म्हणून विचारलं तर म्हणाला, “जाली काढून ठेवलीत का न्हाय, ते बघ. बाकी मागून.” ते मागून कधी आलंच नाही.

अट एकच होती. खाडीवरची माणसं भरतीबरोबर होडी काढतात आणि भरतीबरोबर परततात, म्हणजे त्यांची झोप घड्याळावर नसते. ती झोपलेली असताना ढोल वाजता कामा नये. त्यामुळे आमच्या क्लासचं वेळापत्रक समुद्रावर ठरायचं. नाखवा रोज सकाळी शेडच्या दाराशी येऊन तिथी आणि भरतीची वेळ सांगायचा आणि त्यावरून मी पोरांना निरोप धाडायची: आज क्लास दुपारी, उद्या आणखी उशिरा, परवा नाहीच. अलिबागहून रिक्षाने येणारी पोरं वैतागली. एका पोरीच्या आईने विचारलं, “तुमच्याकडे क्लास आहे की मासेमारी?”

यावर मयुरीने तोड काढली. जुन्या ढोलांची चामडी काढून तिने खिडकीला लावतात ती मच्छरजाळी दुहेरी करून ताणून बसवली. आत सेन्सरच्या चकत्या चिकटवल्या, त्यांच्या वायरी खोक्याला जोडल्या. आता काडी मारली तर बाहेर फक्त थपथप ऐकू येई, आणि कानाला हेडफोन लावला की तोच ढोल दणदणून वाजे. शेजारच्या घरात तान्हं मूल झोपलं तरी हरकत नव्हती. क्लास घड्याळावर आला. तरीही नाखवा रोज सकाळी तिथी सांगायला येतच राहिला.

मग उस्तादांच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी, डिंपल. वडखळच्या नाक्यावर वाढलेली, आगरी आमच्यापेक्षा चांगली बोलणारी. मुलगा पेणचा, आमच्यातलाच. लग्न रेवदंड्याजवळच्या एका हॉटेलात, गोरज मुहूर्तावर. उस्तादांनी दुकान सांभाळून जन्मभर दुसऱ्यांच्या दारात ढोल वाजवला होता. आपल्या दारात वरात येईल तेव्हा आपल्या हातचे शागीर्द वाजवतील, ही त्यांची एकच इच्छा होती आणि ती त्यांनी डिंपल शाळेत असल्यापासून मला ऐकवली होती. मी शब्द दिला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी दामू नाखवा गेला. चहा घेऊन ओटीवर बसला आणि बसल्या जागी गेला.

मी धावत गेले. हिराकाकी, त्याची बायको, भिंतीला टेकून बसली होती. बायका रडत होत्या, ती रडत नव्हती. मी पायाशी बसले. तिने माझ्याकडे बघितलं, पण ओळखलं की नाही कोण जाणे. मार्गशीर्षाचे दिवस होते, मोठ्या बोटी खोल पाण्यात गेलेल्या. थोरला मुलगाही बोटीवरच होता. त्याला निरोप गेला, पण त्याला येणं शक्य नव्हतं. धाकटा तेवढा घरी. मुलगी दिघीच्या पलीकडे दिलेली, तिची फेरी धरून येईपर्यंत दुपार टळणार. म्हणजे नाखव्याला उचलणार ते संध्याकाळच्या तोंडावर. आणि स्मशानाची वाट त्याच हॉटेलच्या कुंपणाला लागून, वाळूतून जाणारी.

बाहेर आले तर गावचे पाटील उभे होते. शांतपणे म्हणाले, “शोभे, तुला सांगाया नको. अग्नी देईपत्तुर गावात बाजा न्हाय.”

“पाटील, उस्तादांच्या पोरीचं लग्न आहे.”

“व्हय. पोरीचं लगीन लागू दे, आमी आडवं येत न्हाय. पन बाजा न्हाय. नाखवा हाय तो.”

त्यांनी सांगितलं नसतं तरी मी काय वाजवणार होते? ज्याने डोक्यावर छप्पर दिलं, त्याच्या मढ्यासमोर? आणि नाही वाजवलं तर ज्याने हातात काडी दिली, त्याच्या मुलीची वरात मुकी येणार. हॉटेलपर्यंत रिक्षाने जाताना मी देवाला सरळ शिवी दिली. त्याला एवढ्या मोठ्या पंचांगात दुसरा दिवस सापडला नाही?

उस्ताद मांडवात फुलं लावणाऱ्यांवर खेकसत होते. मी सांगितलं. ते खुर्चीत बसले, पगडी काढून मांडीवर ठेवली. नाखव्याच्या ओटीवर बसून त्यांनी कितीतरी वेळा मासे खाल्ले होते.

“रहने दे, शोभा,” ते म्हणाले. “नाही वाजवायचं. अच्छा आदमी था. बारात बिना ढोल के आएगी.”

असं म्हणून ते उठले आणि फुलांकडे गेले. पण फुलवाल्यांवर खेकसायचं विसरले. ते बघून मला रडू आलं ते आलंच.

मयुरी तिथेच वायरी सोडवत बसली होती. ती म्हणाली, “आई, जाळीचे ढोल शेडमध्येच आहेत की.”

हॉटेलवाल्यांकडे बिनवायरीच्या हेडफोनचा मोठा साठा होता. रात्री दहानंतर भोंगे बंद करावे लागतात, मग पाहुण्यांना कानाला लावून नाचवतात. ही शहरी थेरं बघून मी आजवर हसत आले होते. मी पाटलांना फोन करून विचारलं, की आवाज न होता लोक नाचले तर चालेल का. ते म्हणाले, “आवाज न्हाय तर मला काय कल्नार? नाचा.”

तर अशी ती वरात निघाली. पुढे छोटा टेम्पो, त्यात मयुरी आणि खोका. टेम्पोमागे वायरींनी दावणीला बांधल्यासारखे आम्ही तिघं ढोलवाले. आणि आमच्यामागे शंभर-दीडशे वऱ्हाडी, प्रत्येकाच्या कानावर निळा दिवा लागलेला हेडफोन, घोड्यावर नवरदेव, त्याच्याही मुंडावळ्यांवर हेडफोन. मी ठेका धरला. आत, कानात, दणका. बाहेर फक्त पायांची खसफस, बांगड्या, मध्येच कोणाचं तरी “ओय होय”, आणि घोड्याचं फुरफुरणं. कुंपणावर बसलेली कावळ्यांची रांगसुद्धा उडाली नाही. नवऱ्याकडची एक म्हातारी बाई हेडफोन न लावता नुसतीच बघत होती. तिने पदर तोंडाला लावला आणि पोट धरून हसली.

फाटकाशी पोचलो तेव्हा वाळूतून नाखवा आला.

लहानशी यात्रा होती. खांदेकरी आणि मागे थोडी म्हातारी माणसं. तरुण सगळे समुद्रावर. पुढे दोघे टाळ वाजवत होते, एकाच्या गळ्यात पखवाज. हे मला दिसलं, पण ऐकू काहीच येईना. माझ्या कानात भांगडा चालला होता. हातभर अंतरावरून माझा नाखवा चालला होता आणि मला त्याचं भजन ऐकू येत नव्हतं. थांबता येईना, कारण मी थांबले तर एवढ्या सगळ्यांच्या कानातला ढोल थांबणार आणि उस्ताद कानाला हेडफोन लावून फाटकात आरतीचं ताट धरणाऱ्यांच्या मागे उभे होते.

मी मान खांद्याशी घासून एका कानावरचा हेडफोन मागे सरकवला. एका कानात टिकटिक, दुसऱ्या कानात पखवाज. एवढंच मला हवं होतं, तो जातोय ते ऐकायला. पण चाल आणि भजनी ठेका दोन्ही आठ मात्रांचे, सख्ख्या जावांसारखे. हात कधी वळले ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी टिकटिक सोडून दिली होती आणि जाळीवर नाखव्याचं भजन वाजवत होते. बाजूचे दोघे माझे शागीर्द, त्यांना वाटलं बाईंनी काही नवीन काढलं, तेही मागोमाग आले.

मी घाबरून टेम्पोत बघितलं. मयुरीने ते ऐकलं होतं. आता ही मला खुणा करून जाग्यावर आणणार, असं मला वाटलं. तिने वाळूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोटाने हळूहळू खोक्यातल्या संगीताचा आवाज उतरवत शून्यावर नेला. सगळ्यांच्या कानात फक्त ढोल उरला. वऱ्हाडी नाचत होते. वेग उतरला तसे त्यांचे हात वर गेले, काहींनी डोळे मिटले, बायकांनी फेर धरला. वाळूतली माणसं एका ठेक्यावर चालत होती आणि फाटकातली माणसं त्याच ठेक्यावर नाचत होती, आणि ठेका एकच आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. खांदेकऱ्यांनी एकदा मान वळवून बघितलं, येडी माणसं म्हणून पुढे गेले. सुरूच्या झाडांआड यात्रा दिसेनाशी झाली तेव्हा मयुरीने खोक्यातलं संगीत परत वर आणलं आणि आम्ही नवरदेवाला फाटकातून आत घातलं.

लग्न लागलं. जेवणं झाली. मुलाचा काका येऊन म्हणाला, मधलं ते फारच भारी होतं, कुठल्या अल्बममधलं? मी म्हटलं, इथलंच आहे.

उस्तादांना फसवणं शक्य नव्हतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. “बीच में ठेका किसका था?”

“नाखव्याचा,” मी म्हटलं. “हात गेला उस्ताद. चुकून गेला.”

त्यांनी डोळे पुसले, नाखव्याच्या आठवणीने कानाच्या पाळीला हात लावला. मग म्हणाले, “अच्छा बजाया. लेकिन उसकी घरवाली को बता देना. दुसऱ्याकडून कळलं तर वाईट वाटेल.”

तोवर मला अभिमान नाही, पण समाधान वाटत होतं. त्या वाक्याने ते उतरलं. एका माणसाच्या मरणाच्या भजनावर मी अख्खं वऱ्हाड नाचवलं होतं. ऐकणाऱ्याला हे कसं दिसेल? गावात याहून लहान अपमानांवरून शेडी रिकाम्या झाल्यात. आणि शेडचं एक वेळ जाऊ दे, हिराकाकीच्या डोळ्याला डोळा कसा भिडवणार होते मी?

दहावा होऊन गेल्यावर गेले. हिराकाकी तशीच भिंतीला टेकून होती. सून हळूच म्हणाली, “अजून रडलेली न्हाय. जेवते, बोलते, पन रडत न्हाय.” मी समोर बसले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. जाळीचे ढोल, हेडफोन, भजन, हात कसा वळला ते. ती जमिनीकडे बघत ऐकत होती.

मग म्हणाली, “किती मानसं व्हती?”

“शंभर-दीडशे असतील, काकी.”

“समदी नाचत व्हती? त्याच्या भजनावर?”

“हो. त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं.”

“कापडं कशी व्हती त्यांची?”

मला प्रश्न कळला नाही. तिने परत विचारलं, “अगं कापडं. बरी व्हती का?”

“चांगली होती. बायका रेशमी साड्यांत होत्या, गजरे होते. पुरुषांना फेटे होते.”

“कंच्या रंगाचे?”

“गुलाबी.”

ती सरळ होऊन बसली. “समदी बोटीवर व्हती बाय. थोरला पन न्हाय. एवढा नाखवा, सगल्या गावाच्या मयताला गेलेला, आन त्याला उचलाया मानसं गोला कराया लागली. मी दारातून बघत व्हते. मागं कुनी न्हाय. मला वाटलं, ह्यो असाच गेला.”

तिने पदराचं टोक हातात घट्ट धरलं.

“दीडशे,” ती म्हणाली. “गुलाबी फेटे घालून.”

आणि मग हिराकाकी रडायला लागली.